पुढचं घ्या, मॅडम

समोरचा माणूस बोलत असला की सरांचे ओठ हलत. आवाज नाही, नुसते ओठ. जणू त्याचं वाक्य यांना आधीच पाठ आहे. आणि तो अडखळला की हलक्या आवाजात पुढचा शब्द यायचा. दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमचे सर ते पुरं करणारे होते.

तिरोड्याजवळच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथेच ते भूगोल शिकवत. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरली, नाटकं सुरू झाली, की ते विंगेत प्रॉम्प्टर म्हणून उभे राहत. रात्रभर नटांना शब्द पुरवायचे आणि सकाळी लाल डोळ्यांनी हजेरी घ्यायला वर्गात हजर. ती सवय बाहेरही सुटत नसे. एका लग्नात नवरी उखाणा घेताना अडली, तर मागून नवऱ्याचं नाव ऐकू आलं. नवरीची आई उखडली, "तुमाले कायले घाई झाली जी, सर?"

"अटकली ना ते पोरगी," सर ओशाळून म्हणाले. "मले राहवलं नाही."

एका पंधरा ऑगस्टला मुख्याध्यापक भाषणात अडकले. शेवटच्या रांगेतून शब्द आला. पोरं खिदळली. नंतर मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही चुप राहिले तरी देश स्वतंत्रच राहते जी, सर."

माझी मोठी बहीण गेली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. शाळेत नुकतंच इंटरनेट आलं होतं. त्यावर वाचलं की काही माणसं नोव्हेंबरच्या एका महिन्यात अख्खी कादंबरी लिहितात. रोज ठरावीक शब्द लिहायचे, मागे वळून खोडायचं नाही. दोन-चार पानांपलीकडे मी कधी काही लिहिलं नव्हतं. पण मला ताईवर लिहायचं होतं. ती गेल्यापासून घरात तिचं नाव निघालं की मी उठून आत जात असे. सावकाश लिहायला बसले तर हे कधीच होणार नाही, एवढं मला कळत होतं.

स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा विज्ञानाचे सर हसले. "महिन्याभरात तं धानही नाही होत, मॅडम!"

आमचे सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मले रोज वाचून दाखवा. ऐकणारा बसला असला की थांबता येत नाही."

मग रोज मधल्या सुट्टीत ते डबा उघडून बसत. "कुठवर आल्या?" मी वाचायची, ते जेवायचे, जेवता जेवता ओठ हलवायचे. गोष्ट दोन बहिणींची होती, एका सायकलवरून शाळेत जाणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात मी नियम मोडला आणि सुरुवात दुरुस्त करत बसले. त्यांनी ओळखलं.

"मागचं काऊन घेऊन राहिल्या? एकदा नाटकात राजा अख्खा प्रवेशच विसरला. मी पुढचं वाक्य देलं, राजा पुढं गेला, पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. पुढचं घ्या, मॅडम."

मी पुढचं घेत राहिले. महिन्याच्या शेवटी मात्र गोष्टीत ताईची दवाखान्यातली खोली आली. त्या दिवशी मी वाचलं, "ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि..." पुढे कागद कोरा होता. मी थांबले. खरं सांगायचं तर मी त्यांच्या शब्दाची वाट पाहत होते. कुठलाही शब्द चालला असता. तो घेऊन मी त्या खोलीतून बाहेर पडले असते.

पण त्यांचे ओठ हलत नव्हते. त्यांनी डब्याला झाकण लावलं आणि खिडकीबाहेर पाहत बसले. घंटा झाली, पोरं वर्गात गेली. सर उठले नाहीत.

शेवटी मीच म्हणाले, "आणि विचारलं, जेवली का गं तू?"

ताईचं ते शेवटचं बोलणं. तोवर मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"लिहून घ्या," एवढंच म्हणून सर वर्गावर गेले.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काल काऊन नाही बोलले, सर?"

"तुम्ही विसरल्या नोत्या जी. विसरला त्याले शब्द द्यायचा. ज्याले आठवून राहिलं, त्याच्या मधात नाही यायचं."

महिना संपता संपता कादंबरी संपली. शेवटचं वाक्य ऐकून ते म्हणाले, "पाडा पडदा," आणि माझ्यापुढे डब्यातली चकली ठेवली. ती कादंबरी छापली नाही, छापण्याजोगीही नाही. पण आता घरात ताईचं नाव निघतं आणि मी बसून राहते. हे मी सरांना कधी म्हटलं नाही. त्यांना माहीत असावं.

काही वर्षांनी, मंडईचे दिवस जवळ आले असताना, सर गेले. शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. तेच मुख्याध्यापक बोलायला उठले. "सर म्हणजे आपल्या शाळेचे..." म्हणाले, आणि थांबले.

सवयीनं आम्हा सगळ्यांच्या माना शेवटच्या रांगेकडे वळल्या. तिथून काही आलं नाही. माझ्या ओठांवर शब्द आला होता, ओठ हललेही. तेवढ्यात मुख्याध्यापकांचा टेबलाची कड घट्ट धरलेला हात दिसला.

ते विसरले नव्हते. मी ओठ मिटले, आणि आम्ही सगळे वाट पाहत बसलो.