भावोजींची स्वतःची गाडी

माझे भावोजी फरश्यांच्या शोरूममध्ये सेल्समन आहेत. यात लाजण्यासारखं काय आहे? काही नाही. पण कोणी विचारलं की हे गृहस्थ "आमचा टाइल्सचा व्यवसाय आहे" असं सांगतात, आणि मालक जवळपास नाही ना, हे हळूच बघून घेतात. उभा जन्म असाच काढलाय. लग्नाच्या फोटोतला कोटसुद्धा मित्राचा आहे. बाह्या पार बोटांपर्यंत आल्यात. ताई म्हणते, "असू दे गं, मनाने वाईट नाहीत." असू दे तर असू दे.

गाडीचंही तेच. एक दिवस दारात पांढरी गाडी येऊन उभी राहिली. "रोख मोजून घेतली," म्हणे. घेतली कसली डोंबलाची, लीजवर आणली होती. म्हणजे सरळ भाषेत भाड्याने. दर महिन्याला पैसे भरायचे आणि मुदत संपली की गाडी कंपनीला परत. हे फक्त ताईला ठाऊक होतं आणि ताईकडून मला. बाहेर मात्र साहेबांचा तोरा बघण्यासारखा. मागच्या काचेवर लेकीचं नाव रंगवून घेतलं, ते पण भाड्याच्या गाडीवर. चालवायचे मात्र क्वचितच, कारण ओरखडा पडला तर कंपनी भरून घेईल. स्वतः पायी कामाला जायचे आणि गाडी कव्हराखाली. रविवारी कव्हर काढून शेजाऱ्यांना दिसेल इतका वेळ ती पुसत बसायचे.

इकडे ताईचं शिवणकाम स्वयंपाकघरात. जेवायच्या वेळी कापड उचलायचं, ताटं उचलली की परत मांडायचं. कोपऱ्यावरचा गाळा रिकामा झाला तेव्हा तिचा चेहरा उजळला. गाळ्याची मालकीण महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होती. अनामत ताईने शिलाईतून साठवली होती, पण गाळ्याचं भाडं आणि गाडीचं भाडं एका घरातून निघणार नव्हतं. ताई म्हणाली, "गाडी सोडू या."

लीज कंपनीत मीही बरोबर गेले. भावोजींना एकट्यांना पाठवलं असतं तर ते आणखी मोठी गाडी घेऊन आले असते. तिथल्या मुलीने नीट समजावलं. मुदतीआधी गाडी परत केली तर जबर दंड. नाहीतर उरलेल्या मुदतीसाठी ती आपल्या नावावर घेणारा माणूस शोधा, म्हणजे तुम्ही मोकळे.

माणूस मिळालाही. भावोजींच्याच शोरूमचा कॅशियर गाडी शोधत होता, आणि त्याच्या बायकोचे कपडे ताईच शिवते. कंपनीनेही त्याला होकार दिला. राहिली फक्त भावोजींची सही.

आणि भावोजी सही करेनात. "तो रोज त्याच गाडीतून शोरूमला येणार. मी लोकांना काय सांगू?"

"खरं सांगा," मी म्हटलं.

"तुला नाही कळायचं ते, मेव्हणीबाई."

मग त्यांनी स्वतःचा तोडगा काढला. ताईच्या अनामतीच्या पैशातून दंड भरायचा, गाडी गुपचूप परत करायची आणि सगळ्यांना सांगायचं, विकली, चांगला भाव आला. हे ते तिच्याच मशीनला टेकून बोलले. माझ्या जिभेवर शिवी आली होती. ताई सुईत दोरा ओवत राहिली. मला वाटलं, गेला गाळा.

महिनाअखेरीस तिने लीजचे कागद शिवणाच्या पिशवीत घातले, मला म्हणाली "चल," आणि आम्ही थेट शोरूम गाठलं. भावोजी एका जोडप्याला बाथरूमच्या फरश्या दाखवत होते. मालक गल्ल्याशी उभा होता. ताईने काउंटरवर कागद ठेवले, वर पेन ठेवलं.

"अहो, तेवढी सही राहिलीय. कॅशियरभाऊ थांबलेत."

भावोजी पांढरेफटक पडले. नाही म्हणावं तर चार लोकांत कारण सांगावं लागणार. लोक काय म्हणतील या भीतीने अडवून ठेवलेली सही त्यांनी त्याच भीतीने केली.

"ती लीजची गाडी ना?" मालक म्हणाला. "बरं केलंत, सोडलीत ते."

भावोजींची ततपप झाली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? तुमचा पगार मीच देतो की."

कॅशियरने खाली मान घालून हसू दाबलं. त्यालाही आधीपासून माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं आणि कोणाला त्याचं काही पडलेलं नव्हतं. काचेवरचं नाव मात्र भावोजींनाच ब्लेडने खरवडावं लागलं, भर रस्त्यात बसून. मी मुद्दाम खुर्ची टाकून बघत बसले.

गाळा ताईला मिळाला. आता भावोजी सुधारले असं कोणाला वाटत असेल, तर त्याने त्यांना ओळखलंच नाही. संध्याकाळी ते दुकानाच्या दारात खुर्ची टाकून मालकासारखे बसतात. परवा एक नवीन बाई माप द्यायला आल्या.

"आपलंच आहे दुकान," भावोजी त्यांना म्हणाले. "हिला घेऊन दिलं."

ताईने मशीनवरची मान वर केली नाही.

"भाड्याचं आहे," ती म्हणाली. "भाडं मी भरते. बाही किती ठेवू?"