शेवटच्या रिळापर्यंत थांबवणाऱ्या सुमनताई

सांगलीला नोकरी लागली त्या वर्षी मी चित्रपट मंडळाच्या एका खेळाला गेले होते. आधी प्रमुख पाहुण्यांचं भाषण होतं आणि ते चांगलंच लांबलं. दाराशी उभ्या असलेल्या एक बाई सरळ मंचाजवळ गेल्या. "साहेब, बोलणं लय गोड हाय तुमचं, पण आष्ट्याची गाडी काय थांबायची न्हाई. पिक्चर लावू का?" सभागृह हसलं, पाहुणेही हसत खाली बसले. सुमनताई जगदाळे यांचा आणि माझा परिचय असा झाला.

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. मंडळ त्यांनी उभं केलं, चालवलं. चित्रपट निवडण्यावरून आमचे वाद झाले. मी जड पुस्तकी मतं मांडत असे, त्या शांतपणे ऐकून घेत. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा मंडळाच्या बैठका त्यांनी आमच्या घरी घ्यायला सुरुवात केली. चहा स्वतः करायच्या आणि पुढचा चित्रपट कोणता, ते आधी वडिलांना विचारायच्या.

पण एस.टी.च्या वेळा बघून खेळ लावण्याचा त्यांचा हट्ट मला बरीच वर्षं उमगला नव्हता. कोणी मधेच उठलं की त्यांचा चेहरा उतरायचा. त्यांना तो अपमान वाटत असावा, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती.

ताईंच्या वडिलांचा तंबूतला सिनेमा होता. इस्लामपूर, आष्टा, कराडच्या बाजूच्या जत्रांतून तो फिरायचा. मधे कापड लावून बायकांची बाजू वेगळी केलेली असे. त्यांच्याकडे एक कृष्णधवल खूनपट होता. त्यात वर्तमानपत्रात काम करणारी एक मुलगी खुनाचा छडा लावते. इन्स्पेक्टरलाच उलटे प्रश्न विचारते. बायकांची त्यावर झुंबड उडायची. पण शेवटचं रीळ चढायच्या आत बाहेरून घरच्यांच्या हाका सुरू व्हायच्या. खेळ सुटल्यावर पुरुषांच्या गर्दीत सापडायला नको, म्हणून बायकांनी आधीच निघायची रीतच होती. खुनी सापडायचा तेव्हा बायकांची बाजू रिकामी असायची. तरुण सुमनताई दारात उभ्या राहून ते बघत असत.

गेल्या वर्षी एका संग्राहकाकडे त्या चित्रपटाची प्रत मिळाली. ताईंनी आष्ट्याला दुपारचा खेळ ठेवला, खास त्या वेळच्या बायकांसाठी. कोणी सुनेचा हात धरून आलं, कोणी काठी टेकत. चित्रपट रंगात आला आणि आमचे ऑपरेटर घाबरे होऊन बाहेर आले. शेवटच्या रिळाचा डबा उघडल्यावर आंबूस वास आला होता. फीत चिकटून तिची वीट झाली होती. पहिली रिळं आम्ही तपासली होती, हे शेवटचंच राहिलं होतं.

मी ताईंना म्हणाले, "माफी मागू. दुसरी प्रत मिळाली की पुन्हा बोलावू."

"अगं, यातल्या किती जणी पुन्हा येतील?" असं म्हणून त्या पांढऱ्या पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "बायांनो, रीळ खराब झालंय. पुढचं मी सांगते. चालंल का?"

"आवं सांगा की! कवाधरनं बसलोय," मागून आवाज आला.

ताईंनी सगळं सांगितलं. बंद खोली, पडणारा दिवा, खुन्याचा थरथरता हात. त्या स्वतः मुलगी झाल्या, स्वतःच इन्स्पेक्टर. खुनी कळला तेव्हा एक आजी शेजारणीला कोपर मारून म्हणाल्या, "मी म्हनलं न्हवतं? त्यो लय गोड बोलत हुता!"

तरी कोणी उठेना. पुढच्या रांगेतल्या पारूबाईंनी विचारलं, "त्ये ऱ्हाऊ द्या. त्या पोरीचं काय झालं?"

"इन्स्पेक्टर तिला लग्नाचं विचारतो."

पारूबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"मग?"

"मग काय! तेवढ्यात फोन वाजतो. ती म्हणते, 'नंतर बोलू,' आणि पळते बातमीला."

हशा आणि टाळ्या कितीतरी वेळ थांबल्या नाहीत. पारूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बरं झालं बाई. मला वाटायचं, लावलं आसंल तिला चुलीला."

त्या क्षणी ताईंचा चेहरा मी पाहिला. त्याचं वर्णन करायला मी अनेकदा बसले, जमलं नाही. सुमनताईंना उत्तम आरोग्य आणि दीर्घ आयुष्य लाभो. गुडघे आणि दृष्टी त्यांना साथ देवोत. आणि त्यांच्या कुठल्याही खेळातून कोणत्याही बाईला अर्ध्यावर उठावं न लागो.