फोनच्या रेकॉर्डिंगमधली आई

आमच्या गावात मोबाइलला रेंज नीट मिळत नाही, म्हणून घरचा तारेचा फोन आम्ही अजून ठेवला आहे. मोठी ताई मुरबाडचं सासर सोडून शहापूरजवळ आमच्याकडे आली, तेव्हापासून भाऊजी रोज संध्याकाळी त्याच फोनवर आईला शिव्या द्यायचे. लोकांसमोर मात्र मान खाली घालून बसायचे. "मी कधी वाकडा शब्द बोललो, सांगा ना," असं मोठ्या मामांना विचारायचे, आणि मामा आमच्याकडे बघायचे.

ताईने परत जायचं की नाही, हे दोन्हीकडच्या मोठ्यांच्या बैठकीत ठरणार होतं. ताईला जायचं नव्हतं. भांडी घासताना, माझ्याकडे न बघता, तिने मला तेवढंच सांगितलं होतं.

मी कॉल रेकॉर्डरचं किट मागवलं. सोल्डरिंग कॉलेजात शिकले होते. लहानसा बोर्ड, मूठभर सुटे भाग. दोन वायरी फोनच्या लाइनला, एक पिन छोट्या रेकॉर्डरला. रिसीव्हर उचलला की दिवा लागून रेकॉर्डिंग सुरू, ठेवला की बंद. पहिल्यांदा डायोड उलटा बसला आणि दिवा लागेचना. तो काढून पुन्हा बसवत होते तेव्हा आई म्हणाली, "फोन बिघडवू नको गो. त्यांचा लागला नाय तर अजून चिडतील."

"तू फक्त नेहमीसारखी बोल," मी म्हणाले.

ती नेहमीसारखीच बोलली. जावयाचा फोन म्हणून आधी डोक्यावर पदर घेतला, मग रिसीव्हर उचलला. नंतर मी इयरफोन लावून ऐकलं. भाऊजी म्हणत होते, "पाठव तिला गपचूप, नायतर मी नेईन आणि विहिरीत ढकलीन." शब्दन् शब्द कळत होता. खूप दिवसांनी मला नीट झोप लागली.

बैठकीत मी "मामा, हे ऐका" एवढंच म्हणू शकले आणि बटण दाबलं.

ओटीभर आईचा आवाज घुमला. "हो जावईबापू. चुकलं आमचं. समजावतो आमी तिला. चुकलंच." ती आमच्या टोकाला होती, म्हणून तिचा आवाज मोठा आला होता. भाऊजींचा लांबून येता येता बारीक झाला होता. रेकॉर्डरच्या लहान स्पीकरवर नुसती कुजबुज वाटत होती.

"हे तर तुमीच कबूल करताय," भाऊजींचे काका म्हणाले.

"आवाज वाढव ना गो," भाऊजी हसले. "इंग्लिश मीडियमची ना तू?"

वाढवला, तर आईच वाढली. मी इयरफोन मामांपुढे धरला.

"कानात नको घालू माझ्या ते. बैठकीत जे ऐकायचं ते सगळ्यांना ऐकू यायला पाहिजे. एकट्याने ऐकलेलं चालत नाय."

मग ते आईकडे वळले. "तू चुकलं का म्हणालीस?"

"जावयाला दुसरं काय म्हनायचं, दादा?"

सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांना ते पटलं होतं. विहिरीचं सांगायला मी तोंड उघडलं, पण इतके चेहरे एकदम माझ्याकडे वळले की कुठल्याच भाषेतलं वाक्य पुरं झालं नाही. "विहीर," मी म्हणाले. "विहिरीचं काय?" कोणीतरी विचारलं. तेवढ्यात चहा आला. भाऊजी न्यायला तयार आहेत, प्रेमाने न्यायला आलेत, चार महिने बघू, असं ठरलं.

ताई आतल्या खोलीत होती. तिने माझ्या हातातून रेकॉर्डर घेतला, इयरफोन लावला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"सगळं आलंय की," ती म्हणाली.

मग दोरीवरची अर्धवट ओली साडी काढून घडी घालायला लागली. एकटीला ती आवरेना. बाहेर भाऊजींनी हॉर्न वाजवला, आणि मी साडीचं दुसरं टोक धरलं.