पेट्रोल वाचवणारी जाळी

पुराव्याशिवाय बोलू नका म्हणून मी कोर्टात कितीतरी साक्षीदारांना दटावलं असेल. माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट निवाडा मात्र मी एका पेट्रोलपंपावर, पुराव्याशिवायच दिला.

एकोणीसशे साठनंतरची वर्षं होती. वकिली अमरावतीला, पण अकोल्याचेही खटले घेत असे, म्हणून एक जुनी मोटार घेतली होती. ती चालवायला ड्रायव्हर होते, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. घरात सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊंची एक सवय होती. उतार लागला की इंजिन बंद करून ते गाडी नुसती सोडून देत. बडनेऱ्याचं रेल्वे फाटक बंद दिसलं की लांबूनच किल्ली फिरवत, आणि गाडी आपली घरंगळत बरोबर फाटकापाशी येऊन थांबे. मला त्यात चिक्कूपणा दिसायचा. वकिलाची गाडी अशी मुकाट्यानं यावी याची थोडी लाजही वाटायची.

अकोल्याच्या कोर्टाबाहेर एकदा एक विक्रेता भेटला. त्याच्याकडे पितळेची चकती होती, मधोमध बारीक जाळी. ही कार्ब्युरेटरखाली बसवली की पेट्रोल निम्मं लागतं, असं तो छातीठोक सांगत होता. "वकीलसाब, आधे पेट्रोल में अकोला!" अट एकच, गाडी चालती असताना इंजिन बंद करायचं नाही, नाहीतर जाळी निकामी होते. मी ती बसवून घेतली, आणि बाररूममध्ये एवढा मिरवलो की दोघा वकीलमित्रांनी माझ्या शब्दावर आपल्याही गाड्यांना बसवली.

भाऊ म्हणाले, "जाळीनं कुठं पेट्रोल वाचते काय साहेब? पण तुमी म्हणता तर नाई बंद करत." आणि त्यांनी शब्द पाळला. त्यानंतर उतार असो की फाटक, इंजिन एकदाही थांबलं नाही.

पेट्रोल कमी लागायचं सोडून जास्तच लागू लागलं. बाररूममध्ये मित्र विचारत, मी म्हणे, फर्स्टक्लास! खरं सांगायचं तर, जाळी खोटी ठरली असती तर मी मूर्ख ठरलो असतो. भाऊ खोटे ठरले तर मी फक्त फसवला गेलेला मालक. ड्रायव्हर लोक परस्पर पेट्रोल विकतात, हे तेव्हा मालक मंडळींत सर्रास बोललं जायचं. मी सोयीचं तेवढं उचललं.

एका सकाळी पंपावर टाकी भरताना माझा तोल गेला. तिथे नेहमीचे चार-पाच ड्रायव्हर उभे होते. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "भाऊ, कुठंतरी पाणी मुरतंय. पेट्रोल कोणाला विकता?"

"थेंबभर बी नाई घेतलं साहेब," ते म्हणाले. मग मी त्यांना सरळ चोरही म्हणालो. त्यांनी किल्ली बॉनेटवर ठेवली आणि पायीच निघून गेले.

पुढे सहा महिने मी स्वतः गाडी चालवली. पेट्रोल तेवढंच लागत राहिलं. शेवटी अकोल्याच्या मिस्त्रीनं ती जाळी काढून माझ्या हातात दिली आणि हसला. "हे पेट्रोल वाचवत नाई, हवा अडवते. तुमचे भाऊ उतारावर गाडी सोडत होते ना, थेच तुमची बचत होती. तुमीच बंद करवली."

त्याच संध्याकाळी मी भाऊंच्या घरी गेलो. पेट्रोलचोर म्हणून गावात त्यांना कोणी गाडीवर ठेवलं नव्हतं. संत्र्याच्या बाजारात ते पेट्या उचलत होते. वहिनींनी चहा दिला. मी सगळं सांगितलं, चूक कबूल केली, परत कामावर या म्हणालो. त्यांनी कप खाली ठेवला.

"पंपावर चार लोकाइच्या समोर चोर म्हणलं तुमी मले," ते म्हणाले, "आन् आता घरात येऊन चुकलो म्हणून राहिले. ते लोक काय माह्या घरात बसून हायेत का? मले काम नोको. तेवढं तिथं सांगा."

उद्या सकाळी सांगतो, असं मी वचन दिलं.

दुसऱ्या दिवशी मी पंपावर गेलो. तेच ड्रायव्हर होते. भाऊही आले होते, धुतलेला पांढरा शर्ट घालून थोडे बाजूला उभे होते. माझी गाडी बघून सगळे वळले. त्यांच्यात माझ्या त्या वकीलमित्रांपैकी एकाचा ड्रायव्हरही होता. इथे बोललो तर जाळीची गोष्ट दुपारपर्यंत बाररूममध्ये पोचणार, हे माझ्या लक्षात आलं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "जरा मागच्या चाकात हवा बघा."

हवा भरून होईपर्यंत भाऊ उभे होते. मी त्यांच्याकडे न बघता गाडी सुरू केली आणि कोर्टात गेलो.