विद्यार्थिनीच्या कंपनीत सल्लागार

प्राध्यापकांच्या कपाटात सोनं दडलंय असा साक्षात्कार सरकारला झाला, तेव्हा माझ्या कपाटात चहाची किटली आणि उत्तरपत्रिकांचे जुने गठ्ठे होते. तरी परिपत्रक आलंच. संशोधन धूळ खात ठेवू नका, कंपनी काढा, बाजारात उतरा, सरकार पैसे देईल. मुलुंडच्या आमच्या कॉलेजात सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, कारण मी बरीच वर्षं थंडावा धरून ठेवणाऱ्या एका जेलच्या मागे लागलो होतो. मासळीच्या खोक्यात बर्फाऐवजी या जेलची चादर घालायची, मासळी दिवसभर थंड राहते. निदान प्रयोगशाळेत तरी राहायची.

योजनेत एक गंमत होती. पगारी प्राध्यापकाला कंपनी चालवता येत नव्हती, त्याच्या विद्यार्थ्याला येत होती. म्हणून माझी पीएचडीची विद्यार्थिनी मालकीण झाली आणि मी सल्लागार. वेसाव्याच्या कोळ्यांची पोर, घरी मासळीचाच धंदा. मी खोलीत शिरलो की मालकीणबाई खुर्ची सोडून उभ्या राहत. तिचा थिसिस लिहून तयार होता, फक्त माझी सही बाकी होती. मी म्हणायचो, आधी कंपनीचं मार्गी लागू दे.

मग विक्रोळीला निवड समितीसमोर जायची वेळ आली. समितीला पटलं तर माल काढायला पैसे मिळणार होते, नाहीतर मी आणि किटली. खोलीत एसी असा की आमच्या जेलची गरजच नव्हती. त्यांनी पहिला प्रश्न तिला विचारला. तिने सवयीने माझ्याकडे पाहिलं आणि मी सवयीने उत्तर दिलं. पुढच्या प्रश्नालाही तेच. शेवटी समितीतल्या बाई म्हणाल्या, "कंपनी नक्की कोणाची आहे?"

"हिचीच," मी म्हणालो. "सांग गं."

तिने सांगितलं. "सरांचा जेल मासळीला चालत नाही. खारं पाणी लागलं की तो पाणी सोडतो, मालाची वाट लागते. आईच्या खोक्यात ठेवून बघितलाय मी. आज आणलेला नमुना दुसऱ्या जेलचा आहे, मी बनवलेला."

माझं डोकं सणकलं. माझी इतकी वर्षं पोरीने दोन वाक्यांत गटारात सोडली, तीही माझ्या तोंडावर. समिती मात्र खूश.

"सल्लागारांना मान्य आहे?" बाईंनी विचारलं.

नमुना माझ्याच हातात होता आणि तो मस्त थंड होता. मान्य आहे म्हणालो.

पैसे मंजूर झाले. बाहेर टपरीवर आम्ही कटिंग घेतला. मला राग आला होता आणि त्याच वेळी तिचा अभिमानही वाटत होता, ही फारच गैरसोय होती.

"आधी का नाही बोललीस?"

"बोलले होते ना सर. तुम्ही म्हणालात, रीडिंग चुकलं असेल."

मी चहा संपवला. "उद्या थिसिस घेऊन ये. सही करतो."

तिने सुस्कारा सोडला. "थँक्यू सर. मग मी मॅडमना नको म्हणून कळवते."

"कुठल्या मॅडमना?"

आमच्याच विभागातल्या. आजच्यानंतर सरांनी सही केली नाही तर तुम्ही मला तुमच्या हाताखाली पीएचडीला घ्याल का, असं तिने त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं.

"मग काय म्हणाल्या?"

"लगेच हो म्हणाल्या. सर सही का नाही करणार, ते विचारलंपण नाही."