साडूंच्या मोटारीतली झणझण

साडू हे नातं जगात कशासाठी निर्माण झालं असं मला कुणी विचारलं, तर मी त्याला सरळ कापूरहोळच्या फाट्यावर नेऊन आमच्या साडूंसमोर उभं करीन. आपल्यात काय काय कमी आहे हे माणसाला वेळच्या वेळी कळत राहावं, एवढ्यासाठीच ते नातं आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. फाट्यावर त्यांचं मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज. मी भोरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर. म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या गाड्या माझ्या शिट्टीवर सुटायच्या; पण सासुरवाडीला कौतुक मात्र साडूंच्या एका काळ्या, पोचे आलेल्या, तिसऱ्या मालकाकडून घेतलेल्या मोटारीचं. हे मी जळून लिहितो आहे, यात काही लपवण्यासारखं नाही.

साडूंना आवाजाचं वेड होतं. आवाज ऐकायचं नव्हे, नको तो आवाज हुडकून काढायचं. कुणाच्या घरी गेले की आधी पाणी मागायचे नाहीत. दारात उभे राहून कान टवकारायचे. भोंगवलीला एका लग्नात पंगत बसली असताना हे वाढलेल्या ताटावरून उठले आणि आचाऱ्याच्या स्टोव्हजवळ जाऊन बसले. त्याचा सूर त्यांना पटला नव्हता. पिन मारून स्टोव्ह नीट केला, मग जेवले. आमच्या घरी एकदा चहा पिता पिता म्हणाले, "साडूभाऊ, तुमच्या कपाटाचं बिजागर लई रडतंय." लगेच खिशातून तेलाची बुधली काढून दोन थेंब सोडले. ते बिजागर गप्प झालं, पण आमची ही त्यानंतर वर्षभर बोलत होती. कपाट उघडलं की, "दाजींचा हात लागला हो," आणि मिटलं की, "तुम्हाला इतकी वर्षं ऐकू कसं आलं नाही?" मी दिवसभर इंजिनांच्या घरघरीत उभा राहणारा माणूस, मला बिजागर काय ऐकू येणार?

पण हेही मी सोसलं असतं. खरी ठसठस होती ती मामांची. मामा म्हणजे आमचे सासरे. वेल्ह्याकडे त्यांची भातखाचरं होती आणि गावच्या भजनात पखवाज त्यांच्याकडे. सासूबाई गेल्यापासून एकटेच असायचे. मी सुटी मिळेल तेव्हा भोरहून केळी घेऊन जायचो. मामा विचारायचे, "गाडी टायमात आली का?" मी म्हणायचो, "आली." मग आम्ही दोघं अंगणातल्या कोंबड्या बघत बसायचो. परतीची गाडी येईपर्यंत एवढंच बोलणं. ते मला कधी तोडून बोलले नाहीत, पण माझ्याशी बोलताना ते कधी हसल्याचंही मला आठवत नाही.

साडूंनी मोटारीत रेडिओ बसवला आणि मामांना पहिल्यांदा ऐकवला, तेव्हा मामा म्हणाले, "ह्या पखवाजाला कणीक लावायची इसरली का काय? डावी बाजू बोलंना." पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावतात, त्याशिवाय त्याचा खर्ज उमटत नाही. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. साडूंनी मोडीत निघालेल्या तंबू-टॉकीजचा एक परातीएवढा स्पीकर मिळवला, फणसाच्या फळ्यांची पेटी करवून घेतली आणि ती मागच्या सीटच्या पाठीमागे डिकीत ठोकून बसवली. आता डावी बाजू अशी बोलायला लागली की बसणाऱ्याच्या पोटात धुम व्हायचं. मामा खूश झाले. आणि तिथूनच तो आवाज सुरू झाला.

खरं तर आवाज दोन होते. एक घूं करणारा, इंजिनाचा वेग वाढला की चढणारा. तो साडूंनी सहज पकडला. डायनामोला कंडेन्सर लावला, रेडिओची अर्थिंगची तार जिथं नुसत्या रंगावर टेकली होती तिथला रंग खरवडून ती चकचकीत पत्र्याला आवळली, घूं बंद. दुसरा आवाज मात्र भलताच चिवट निघाला. खर्ज लागला की पाठोपाठ बारीक झण्ण. त्याच्यासाठी नंबरप्लेट आवळून झाली, दारांत सायकलची ट्यूब कापून भरली, जॅकखाली गोणपाट घातलं. मग दर रविवारी मोटार वेल्ह्याला जाऊ लागली. मामा मागच्या सीटवर, सीटच्या पाठीला कान लावून आडवे आणि साडू पुढे. नसरापूर, कधी शिवरे, कधी पार कापूरहोळ. "हिकडं न्हाई, डावीकडनं येतंय," मामा म्हणायचे. साडू मोटार थांबवायचे, काहीतरी आवळायचे, मग दोघं ढाब्यावर भजी खायचे. आठवडाभर खाचरात वाकलेला म्हातारा रविवारी धुतलेला पटका बांधून रस्त्यावर येऊन उभा राहायचा. हे मला आमचे ड्रायव्हर येऊन सांगायचे. "कंट्रोलर सायेब, तुमचं सासरं काय हसत व्हते आज." मी त्यांच्या वेळेच्या नोंदीवर जोरात सही करायचो.

तो आवाज आपण हुडकायचा, असं मी ठरवलं. एकदा तरी मामांनी माझ्याकडे मान वर करून बघावं, एवढीच इच्छा होती.

धोंड्याचा महिना आला. आम्ही दोन्ही जावई मानाने जेवायला गेलो. पुरणाचे धोंडे पोटात उतरले, साडू बॉनेटमध्ये डोकं घालून बसले आणि मी गुपचूप डिकी उघडली. पेटीच्या मागे हात घातला तर हाताला गार काहीतरी लागलं. ओढून काढलं. तांब्याचं ताम्हण. मागच्या धोंड्याच्या महिन्यात मामांनी जावयांना मान म्हणून दिलेलं. माझं आमच्याकडे तुळशीपाशी होतं. साडूंनी मात्र मोटारीला सासऱ्यांचा आशीर्वाद राहावा म्हणून ते पेटीमागे खोचून ठेवलं होतं, आणि मानाची वस्तू खडखडत असेल ही शंका त्यांच्या मनाला शिवली नसणार, असं मला वाटलं. जग जिंकल्यासारखा मी वळलो, तर पाठीशी मामा उभे.

"ठेवा जिथं व्हतं तितं," ते हळूच म्हणाले.

"अहो मामा, हेच वाजतंय."

"तांबं वाजतंय ते मला पहिल्या रविवारीच कळलं. पखवाज वाजवतो म्या, बहिरा हाय व्हय? पण गावलं म्हणून सांगितलं, तर त्यो कामाचा माणूस रविवारी हितवर कशाला येईल?"

मी ताम्हण परत खोचलं. मात्र संध्याकाळी साडू मला स्टँडवर सोडायला निघाले, तेव्हा वाटेत मला राहवेना. मामांचं नाव न घेता म्हटलं, "पेटीमागचं ताम्हण वाजतंय तुमचं."

साडूंनी गाडी बाजूला घेतली. "ठावं हाय. गेल्या पावसाळ्यातच गावलं. पण मामांना बोलू नका बरं का. आवाज हुडकायचा म्हणून येत्यात ते. नुसतं फिरायला चला म्हटलं तर जावयाच्या गाडीत बसणारा माणूस न्हाई त्यो."

त्या दिवशी मी जितका जळलो तितका आधी कधी जळलो नव्हतो. दोघांनाही ठाऊक, दोघंही एकमेकांपासून लपवतात, आणि दोघांची गुपितं सांभाळायला मी. भज्यांना मात्र मला कुणी बोलावत नव्हतं.

पुढे मामा गेले. दिवसकार्य झाल्यावर साडूंनी ताम्हण काढून घरी देव्हाऱ्यात ठेवलं. मोटार स्वच्छ वाजू लागली आणि साडू रेडिओ लावेनासे झाले.

एका रविवारी ती काळी मोटार भोरच्या स्टँडवर माझ्या खिडकीसमोर येऊन उभी राहिली. माझी पाळी नुकतीच संपली होती. साडू उतरले नाहीत. त्यांनी मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, जरा मागं बसून बघा. कायतरी वाजतंय असं वाटतंय."

मी बसलो, पाठीला कान लावला. सीटच्या कापडाला अजून मामांच्या तंबाखूचा वास होता. रेडिओवर भजन लागलं होतं, पखवाजाची डावी बाजू भरून बोलत होती, आणि तिच्या मागे काही म्हणजे काही वाजत नव्हतं. आरशातून साडू माझ्याकडे बघत होते.

"व्हय, वाजतंय," मी म्हणालो. "बारीक हाय. नसरापूरपातुर जाऊन बघायला पायजे."