सपना शिरसाठचा दम

थंडी सरत आली होती, पण गेली नव्हती. फेब्रुवारीच्या त्या दिवसांत दोंडाईच्याला सकाळी सहाला शाल लागते आणि दहा वाजता तीच शाल उन्हाला आड म्हणून डोक्यावर ओढावी लागते. त्या रविवारी वर वारंही सुटलं होतं. गावाबाहेरच्या पथारीवर, जिथं व्यापारी मिरची वाळत घालतात त्या उघड्या रानात, नजर जाईल तिथवर लाल पसरलेलं. झुळूक आली की बायांच्या ओळीत ठसका या टोकाकडून त्या टोकाकडं पळायचा. सपना शिरसाठ उजवा पाय लांब करून बसली होती. तो पाय पुरता दुमडत नाही. तोंडाला ओढणीचे तीन वेढे, नाकपुड्यांना खोबरेल, आणि हात पांढरी पडलेली मिरची वेचून बाजूला टाकतायत. आठ वाजता तिला उठायचं होतं. साडेआठची धुळ्याची गाडी, आणि अकरा वाजता गिरधर बैसाणेंच्या गायन पार्टीत मुख्य गायिका कोण याचा निकाल.

शेजारच्या सारिकानं सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं, की आजच्या दिवस घरी बसली असतीस तर काय मिरची नासली असती? सपना म्हणाली, खाडा केला की उद्या आपल्या जागेवर दुसरीच बाई बसलेली असते. ते खरंच होतं. पण त्याहून खरं म्हणजे तिला वाट बघत बसणं येतच नव्हतं. कबड्डीतसुद्धा बाकावर बसवलं की ती उठून रेषेशी येरझारा घालायची.

"तेच म्हन, लांब दमनं," सारिका म्हणाली. "लोके शिट्ट्या मारतस त्यावर."

ते लांब दमाचं प्रकरण सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

सपना सोळाव्या वर्षापासून चढाई करायची. शाळेतले आधार सर तिचे गुरू. सरांचा कायदा एकच. मैदानाला फेरी मारायची, तोंडानं कबड्डी-कबड्डी चालू, आणि जिचा दम मधे तुटेल तिनं पुन्हा पहिल्यापासून. दम तुटला की बाई मेली, असं ते म्हणायचे आणि पोरी हसायच्या. सपना हसायची नाही. तिनं ते हाडात मुरवून घेतलं. जिल्ह्याकडून खेळली, राज्याच्या स्पर्धेला गेली, पेपरात नाव आलं. पोलिसभरतीची मैदानी परीक्षा अठरा दिवसांवर असताना चोपड्याच्या स्पर्धेत तिघींनी तिला कोपऱ्यात धरलं. गुडघ्यातून ओली काठी मोडल्यासारखा आवाज आला. दम मात्र तिनं सोडला नव्हता. आडवी पडून, रेषेकडं हात लांबवून ती कबड्डी-कबड्डी म्हणतच होती. उचलून नेतानाही म्हणत होती असं बघणारे सांगतात, पण ते जरा वाढवून सांगतात. वर्दी तेवढी गेली.

गाणं पुढं विहारात सापडलं. वंदनेला बसली की तिचा आवाज सगळ्यांच्या डोक्यावरून जायचा. गिरधरभाऊ जळगावहून एका कार्यक्रमाला आलेले, त्यांनी तो ऐकला आणि तिला कोरसमध्ये घेतलं. सात वर्षं ती मुख्य गायिका सुनंदाबाईंच्या मागं उभी राहून ओळ झेलत आली. शेवटच्या गाण्यात भाऊ तिला एक कडवं द्यायचे. चारही ओळी ती एका दमात म्हणायची, मधे श्वासाचा टिपूस नाही, आणि मंडपातली पोरं खुर्च्यांवर चढायची.

आता सुनंदाबाईंनी वयापायी माईक खाली ठेवला होता. एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम लागतात, त्याआधी गावोगावचे फलक छापायला जातात. त्या फलकावर फोटो कुणाचा, सपनाचा की पार्टीतल्या वीस वर्षांच्या मयुरीचा, एवढंच ठरायचं होतं. सपनाला एकोणचाळिसावं लागलं होतं. पहिला डाव गुडघ्यानं नेला. हा गेला तर तिसरा मांडायला तिच्याकडं ना पाय होते ना वर्षं.

धुळ्यातल्या एका समाजमंदिरात सतरंजी अंथरली होती. भाऊ पेटीवर, ढोलकीवाला भिंतीला टेकून. दोघींना गाणं एकच, भाऊंनी नवीन बांधलेलं. रमाईचं. लेकरू गेलंय, धनी साता समुद्रापलीकडं शिकतोय, आणि ती त्याला पत्रातून कळवतेय की सगळं ठीक आहे. मयुरी आधी गायली. आवाज पातळ, वरच्या सुराला जरा कापरा. प्रत्येक शब्दाला पोर थांबत होती, श्वास घेत होती, एकदा तर मधेच गप्प राहिली. सपनाला आत कुठंतरी गार वाटलं. हिला दम नाही, तिनं मनात म्हटलं, आणि उठली.

तिनं पहिलं कडवं एका दमात घेतलं. दुसऱ्याच्या अर्ध्यात भाऊंनी पेटी थांबवली.

"सपना, बाई लेकरू पुरीसन घर ऊनी शे. ती इतली कसाले पयस?"

लेकरू पुरून आलेली बाई पळते कशाला, या प्रश्नाचा सपनानं अर्थ घेतला, आवाज कमी पडला. तिनं पुन्हा घेतलं, आणखी जोरात. भाऊंनी हात वर केला. प्रत्येक ओळीच्या मधे थांब म्हणाले. श्वास ऐकू येऊ दे, तिथंच तर लोक रडतात. सपना थांबली. श्वास घेतला, आणि घेताक्षणी तिचा उजवा पाय आपसूक मागं सरकला, मधली रेषा गाठायला सरकावा तसा. मयुरीनं ओढणी तोंडाला लावली. ढोलकीवाल्यानं छताकडं बघितलं.

"अव बाई, श्वास ले," भाऊ म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "आठे तुले धराले कोनी उभं नही."

तिनं डोळे मिटून श्वास घेतला. छाती भरली. पण पुढची ओळ आलीच नाही. शब्द पाठ होते, सूर जागेवर होता, तरी तोंड उघडेना. बाद झालेल्या खेळाडूनं मैदानाबाहेर जाऊन बसायचं असतं, त्यानं पुढं काय म्हणायचं? ती तशीच उभी राहिली. पेटीचा एक सूर तेवढा भाऊंच्या बोटाखाली वाजत राहिला, मग तोही त्यांनी सोडला.

मग ती खोटं बोलली. मिरचीनं घसा धरलाय, म्हणाली. आठ दिवस पथारीवर जात नाही, पुढच्या रविवारी पुन्हा ऐका, हवं तर जळगावला येते, दीपनगरला कार्यक्रम आहे तिथं येते, कुठंही येते. बोलताना ती भाऊंच्या पेटीजवळ कधी गेली ते तिलाच कळलं नाही. आयुष्यात पंचांपुढंही तिनं कधी हात जोडले नव्हते, ते आज जोडले गेले. दोघांदेखत.

"घसा साफ शे तुना," भाऊ खाली बघत म्हणाले. "मिरचीले नाव नको ठेवू."

मुख्य गाणी मयुरी म्हणेल, असं त्यांनी सांगितलं. सपनाची कोरसमधली जागा तिचीच. शेवटचं लांब दमाचं कडवं मात्र यंदापासून नको, पुढं उभ्या पोरीपेक्षा मागची बाई मोठी दिसली तर कार्यक्रम मोडतो. राहायचं की नाही ते संध्याकाळपर्यंत कळव, फलकाचा मजकूर आजच द्यायचाय. सपना चपला घालून बाहेर पडली.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तिनं ओठांतल्या ओठांत ओळ म्हणून बघितली. थांबली, श्वास घेतला, पुन्हा सुरू केली. तीनदा जमेना. चौथ्यांदा तोंडातून असा काही आवाज निघाला की शेजारच्या म्हातारीनं तिला पिशवी पुढं केली, ओकारी येतेय का म्हणून. सपनानं मान हलवली आणि सोनगीरपासून दोंडाईच्यापर्यंत ओढणीत तोंड घालून बसली.

घरी सासू, पार्वताबाई, ओट्यावर लसूण सोलत होती. सुनेचा चेहरा बघून तिनं सरकून जागा केली. सपनानंच आपणहून सगळं सांगितलं, हात जोडल्याचंही. पार्वताबाईनं पाकळ्या वाटीत टाकल्या. फलक काय, दोन महिन्यांत वाऱ्यानं फाटतो, त्यावरची बाई खांबाला लोंबते, असं ती म्हणाली. सपनाला हसू आलं नाही.

"माय, माले श्वास लेता ऊना नही," ती म्हणाली.

"जित्ती शेस ना? मंग लेसच तू."

एवढंच बोलून म्हातारी आत गेली. सपना ओट्यावर बसून राहिली. फोन तीनदा हातात घेतला, तीनदा ठेवला. राहायचं म्हणजे त्या पोरीच्या पाठीकडं बघत ओळ झेलायची, प्रत्येक गावी. न राहायचं म्हणजे रविवारसुद्धा दिवसभर पथारीवर. चौथ्यांदा तिनं फोन लावला.

"भाऊ, मी येते. मागं उभी राहीन."

पलीकडून भाऊ बरं म्हणाले. अजून काही म्हणणार होते बहुतेक, पण तिनं फोन बंद केला. गल्लीत आरडाओरडा झाला होता, सात दिवसांनी नळ आला होता. सपनानं ओढणी कमरेला खोचली, नळी ड्रममध्ये सोडली आणि भरायच्या भांड्यांची रांग लावू लागली.